मानवजातीचे आयुष्य मोजणारी फूटपट्टी

मानवजात आणखी किती काळ टिकेल? उत्क्रांतीचा धडा शिकवताना डायनोसॉर आले, की हा प्रश्न वर्गात हमखास निघतो. 'ते कोण सांगणार!' असे म्हणून आपण बहुधा पुढच्या धड्याकडे वळतो. पण काही शास्त्रज्ञांनी या प्रश्नाला चक्क आकड्यांत उत्तर दिले आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे खगोलभौतिकीतज्ज्ञ जे. रिचर्ड गॉट यांनी १९९३ साली 'नेचर' या साप्ताहिकात एक लेख लिहिला. मानवजात आणखी निदान ५,१०० वर्षे आणि फार तर ७८ लाख वर्षे टिकेल, आणि हे विधान ९५ टक्के खात्रीचे आहे, असे त्यात म्हटले होते. पुढे २०२० साली ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ टोबी ऑर्ड यांनी 'द प्रेसिपिस' या पुस्तकात दुसरा आकडा दिला. मानवजात नामशेष होईल किंवा पुन्हा कधीच सावरणार नाही इतकी कोलमडेल, याची येत्या शंभर वर्षांतील शक्यता त्यांच्या मते सहात एक आहे.

एक आकडा निर्धास्त करणारा, दुसरा झोप उडवणारा. दोन्ही विद्वानांनी दिलेले. विद्यार्थ्यांपुढे यांतला कोणता ठेवायचा? ते ठरवण्यापूर्वी हे आकडे आले कोठून, हे आपण तपासून पाहू.

गॉट यांची युक्ती

गॉट यांचा तर्क समजायला त्रैराशिकाच्या पलीकडचे गणित लागत नाही. पृथ्वी विश्वाच्या केंद्रस्थानी नाही, हे कोपर्निकसने दाखवले. तेव्हापासून 'आपले स्थान खास नाही' असे धरून चालण्याची सवय विज्ञानाला लागली. गॉट म्हणतात, हेच तत्त्व काळालाही लावा. एखाद्या गोष्टीच्या पूर्ण आयुष्याचे ४० समान भाग पाडा. आपण ती गोष्ट ज्या क्षणी पाहतो तो क्षण खास नसेल, तर तो पहिल्या भागात असण्याची शक्यता ४० त एक आणि शेवटच्या भागात असण्याची शक्यताही ४० त एक. म्हणजे मधल्या ३८ भागांत असण्याची शक्यता ९५ टक्के. पहिला भाग नुकताच संपला असेल, तर झालेल्या आयुष्याच्या ३९ पट आयुष्य उरले आहे. शेवटचा भाग आत्ता सुरू होत असेल, तर ३९ वा हिस्सा उरला आहे. मानवाचे वय दोन लाख वर्षे धरा, त्याला ३९ ने भागा आणि ३९ ने गुणा. झाले उत्तर.

ही युक्ती गॉट यांना १९६९ मध्ये बर्लिनची भिंत पाहताना सुचली. भिंत तेव्हा आठ वर्षांची होती. ९५ ऐवजी ५० टक्के खात्री पुरेशी मानली, तर उरलेले आयुष्य झालेल्या वयाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून तिपटीपर्यंत, म्हणजे पावणेतीन ते चोवीस वर्षे, असे निघत होते. भिंत वीस वर्षांनी, १९८९ मध्ये पडली. भाकीत खरे ठरले आणि युक्तीचा बोलबाला झाला.

आम्हांलाही ही युक्ती आवडते. एखाद्या गोष्टीविषयी तिच्या वयापलीकडे काहीच ठाऊक नसेल, तर तेवढ्या एका आकड्यातून काय काढता येईल, याचे ते सुरेख उत्तर आहे. अडचण आहे ती 'काहीच ठाऊक नसेल' या अटीत.

पट्टी कोठे मोडते

हीच पट्टी आपल्या वर्गाला लावून पाहा. वर्गात १४ वर्षांची ५० मुले आहेत. गॉट यांच्या हिशेबाने कोणाचेही उरलेले आयुष्य झालेल्या आयुष्यापेक्षा कमी असण्याची शक्यता निम्मी. म्हणजे २५ मुले अठ्ठाविशी गाठणार नाहीत! आता शेजारच्या घरातील महिन्याचे बाळ घ्या. ते सव्वातीन वर्षांहून अधिक जगेल याची शक्यता पट्टीनुसार अवघी अडीच टक्के. उलट नव्वद वर्षांच्या आजी १८० वर्षांच्या होण्याची शक्यता मात्र ५० टक्के. असे भविष्य सांगणाऱ्याला आजीच घराबाहेर काढतील.

गॉट यांच्या बाजूने कोणी म्हणेल, की माणसाच्या आयुर्मानाची कोष्टके आपल्याकडे आहेत, तेथे ही पट्टी वापरायचीच नसते. मान्य. पण मग मानवजातीबद्दल तरी आपण इतके अडाणी आहोत का? जीवाश्म, लघुग्रहांच्या कक्षा, ज्वालामुखींच्या राखेचे थर, रोगजंतू, अण्वस्त्रांचे साठे यांची आपल्याला पुष्कळ माहिती आहे. ती सारी बाजूला ठेवली तरच पट्टी चालते. कार्लटन केव्हज या भौतिकशास्त्रज्ञाने २००० साली घेतलेला आक्षेप नेमका या दिशेचा होता.

दुसरी अडचण अधिक गमतीची आहे. 'आपण' म्हणजे नेमके कोण? गॉट यांनी आधुनिक मानवाचे वय दोन लाख वर्षे धरले. २०१७ साली मोरोक्कोतील जबल इरहूद येथील अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे असल्याचे जाहीर झाले. लगेच आपले भविष्य ७,७०० ते १ कोटी १७ लाख वर्षांचे झाले. 'आपण' म्हणजे सबंध होमो कुळ असे मानले, तर इथिओपियात सापडलेल्या २८ लाख वर्षांपूर्वीच्या जबड्यापासून मोजायला हवे. उत्तर येते ७२ हजार ते सुमारे ११ कोटी वर्षे. 'आपण' म्हणजे शेती करणारा माणूस म्हटले आणि शेतीचे वय दहा हजार वर्षे धरले, तर २५६ ते ३ लाख ९० हजार वर्षे. आणि 'आपण' म्हणजे अणुबॉम्ब हाती असलेला माणूस, असे म्हटले तर? १९४५ ते २०२५ ही ८० वर्षे. उत्तर येते दोन वर्षे ते ३,१२० वर्षे. पट्टी तीच, पण उत्तरे हवी तितकी. कोठून मोजायचे हे पट्टी सांगत नाही. ते मोजणाऱ्याने आधीच ठरवलेले असते.

निसर्गाचा हिशेब

मग ठाऊक असलेल्या गोष्टींकडे वळू. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा लघुग्रह मेक्सिकोतील चिकशुलुब येथे आदळला आणि डायनोसॉरांचे राज्य संपले. आपले लोणारचे विवरही आघातानेच झाले, पण त्याचा व्यास १.८ किलोमीटर आहे. तसा आघात एखादा जिल्हा उद्ध्वस्त करील, मानवजात नव्हे. पृथ्वीच्या जवळपास फिरणाऱ्या, एक किलोमीटरहून मोठ्या लघुग्रहांपैकी ९० टक्क्यांहून अधिक सापडले आहेत. त्यांपैकी कोणताही पुढील शंभर वर्षांत आदळेल असे दिसत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये 'नासा'ने डार्ट हे यान डायमॉर्फॉस या छोट्या लघुग्रहावर आदळवले आणि त्याचा प्रदक्षिणाकाल सुमारे अर्ध्या तासाने कमी केला. हा धोका मोजता येतो आणि थोडाफार टाळताही येईल.

ज्वालामुखीचे काय? सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रातील टोबाचा प्रचंड उद्रेक झाला. त्यात मानवजात संपता संपता वाचली, असा तर्क १९९० च्या दशकात मांडला गेला. पण आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे टोबाच्या राखेच्या थराखाली आणि थरावरही सारख्याच घडणीची दगडी हत्यारे सापडली. २००७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. आकाशातून राख पडली, तरी तेथे हत्यारे घडवणारे हात थांबलेले दिसत नाहीत.

निसर्गाच्या सर्व संकटांचा एकत्रित अंदाजही काढता येतो. तीन लाख वर्षे म्हणजे ३,००० शतके. दर शतकाला नामशेष होण्याचा धोका हजारात एक असता, तर ही ३,००० शतके पार करण्याची शक्यता जेमतेम पाच टक्के असती. ज्या अर्थी आपण येथे आहोत, त्या अर्थी नैसर्गिक धोका याहून बराच कमी असावा. अर्थात येथे एक खोच आहे. दगावलेला रुग्ण तक्रार करायला येत नाही. नामशेष झालो असतो तर हा हिशेब मांडायला कोणी उरलेच नसते. म्हणून इतर प्राण्यांकडेही पाहावे लागते. सस्तन प्राण्यांची एखादी जाती सरासरी दहा लाख वर्षांच्या घरात टिकते. म्हणजे हिशेब साधारण जुळतो.

माणसाचा हिशेब

आता हेच गणित अण्वस्त्रांना लावा. अणुयुद्धाचा धोका दरवर्षी शंभरात एक, इतका मोठा जरी धरला, तरी ८० वर्षे सुखरूप जाण्याची शक्यता ४५ टक्के येते. म्हणजे '१९४५ नंतर काही झाले नाही' या अनुभवावरून जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही. आणि हाच धोका चालू राहिला, तर पुढची तीनशे वर्षे निर्वेध जाण्याची शक्यता पाच टक्क्यांवर येते. तीन हजार शतकांची साक्ष आणि एका आयुष्याएवढ्या काळाची साक्ष, यांचे वजन सारखे नसते.

२६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत इशारायंत्रणेने अमेरिकी क्षेपणास्त्रे निघाल्याचे दाखवले. कामावर असलेले अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी तो इशारा खोटा ठरवला. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रहाला फसवले होते. २०२२ साली 'नेचर फूड' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, भारत आणि पाकिस्तान यांच्यातील अणुयुद्धाच्या काजळीने जगभरची पिके बुडून दोनशे कोटींहून अधिक लोक उपासमारीने मरू शकतात. अमेरिका आणि रशिया यांच्यात युद्ध झाल्यास पाचशे कोटींहून अधिक. ही संख्या मानवजात संपण्याची नाही, हे खरे. पण त्याने धीर यावा असेही काही नाही.

येथे ऑर्ड यांच्या पुस्तकाचे मोल कळते. निसर्ग नव्हे, माणूसच आपला मोठा धोका आहे, हे त्यांनी ठासून सांगितले. जैविक शस्त्रबंदी कराराच्या यंत्रणेचा वार्षिक खर्च मॅकडोनल्ड्सच्या एका साधारण उपाहारगृहापेक्षा कमी आहे, हे त्यांनीच नजरेस आणून दिले. मात्र त्यांच्या प्रसिद्ध कोष्टकाबद्दल आमची तक्रार आहे. त्यात लघुग्रहाचा धोका दहा लाखांत एक, अणुयुद्धाचा हजारात एक, मुद्दाम घडवलेल्या रोगजंतूंचा तीसात एक आणि अनावर झालेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा दहात एक असे आकडे एकाखाली एक छापले आहेत. पहिला आकडा दुर्बिणींनी केलेल्या शिरगणतीतून येतो. शेवटचा एका अभ्यासू माणसाच्या अदमासातून. हे अंदाज स्थूल आहेत असे ऑर्ड स्वतः सांगतात, पण कोष्टकात शिरलेला आकडा मोजलेलाच वाटतो. पुढे लोक 'सहात एक' तेवढे लक्षात ठेवतात आणि सावधगिरीची वाक्ये गळून पडतात.

'प्रलयघड्याळा'चेही तसेच. अमेरिकी अणुशास्त्रज्ञांच्या नियतकालिकाने १९४७ मध्ये सुरू केलेल्या या प्रतीकात्मक घड्याळात मध्यरात्र म्हणजे सर्वनाश. १९९१ मध्ये तेथे मध्यरात्रीला १७ मिनिटे होती, जानेवारी २०२५ मध्ये ८९ सेकंद. पण १९६२ च्या क्यूबा संकटात, जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर असताना, काटे सात मिनिटांवरून हललेही नव्हते. हे घड्याळ म्हणजे धोक्याची घंटा आहे, मोजमापाचे साधन नव्हे.

कुंडली आणि अंदाज

या सगळ्यांवर आमचा मुख्य आक्षेप हा, की माणसाने निर्माण केलेल्या धोक्याचा आकडा ग्रहणाच्या वेळेसारखा वाचला जातो. ग्रहण आपण काहीही केले तरी ठरल्या वेळी होते. अणुयुद्धाची शक्यता मात्र आपण काय करतो यावर अवलंबून असते. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन वायू ओझोनचा थर नासवतात हे दाखवले. त्या दिवशी कोणी ओझोनचे भवितव्य आकड्यात मांडले असते, तर १९८७ च्या माँट्रियल कराराने ते खोटे पाडले असते, आणि ते खोटे पडणे हेच त्याचे यश ठरले असते. देवी रोगाच्या निर्मूलनाची घोषणा १९८० मध्ये झाली. पण निसर्गातील शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये आढळल्यानंतरही, १९७८ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या प्रयोगशाळेतून विषाणू निसटला आणि एक बळी गेला. दोन्ही बाजूंना माणूसच होता.

म्हणून मुलांनी विचारले, 'आपण किती वर्षे टिकू?' तर त्यांना एक आकडा देऊ नये. '५,१०० वर्षे तरी नक्की' या उत्तराने ती निष्काळजी होतील आणि 'सहात एक' या उत्तराने हताश. त्याऐवजी गॉट यांची पट्टी त्यांच्याच हाती द्यावी. आपली शाळा, गावातला पूल, घरातला माठ, आजोबा आणि मानवजात यांची वये लिहून ३९ ने भागायला आणि गुणायला सांगावे. कोणते उत्तर पटते आणि कोणते हास्यास्पद, हे मुले आपणहून सांगतील. मग विचारावे: हास्यास्पद का वाटले? तुम्हांला आणखी काय माहीत होते? शेवटी फळ्यावर दोन रकाने आखावेत. एकात जे आपल्या हाती नाही ते, दुसऱ्यात जे माणसाच्या हाती आहे ते. दुसरा रकाना लांबत जाईल. त्यावर चर्चा करायला एक तास पुरणार नाही. पुढचाही तास त्यालाच द्यावा.