मूत्रवाहिनी म्हणजे नळ नव्हे

अरुंद झालेल्या मूत्रवाहिनीत धातूचा स्टेंट बसवतात, ही माहिती आता वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत आणि माहितीपत्रकांत सहज आढळते. या लेखनाबद्दल आमची तक्रार आहे ती त्यातील उपमेची. नळ तुंबला, आत मजबूत पाइप घातला, काम झाले!

वर्गातली आकृतीही याच समजुतीला खतपाणी घालते. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत दोन रेषा ओढल्या की आपली मूत्रवाहिनी तयार होते. प्रत्यक्षात ती २५ ते ३० सेंमी लांबीची, स्नायूंच्या भिंतीची नलिका आहे. मिनिटातून काही वेळा तिच्यात आकुंचनाची लाट उठते आणि मूत्राचा एकेक घोट पुढे ढकलला जातो. म्हणूनच आडवे झोपले तरी मूत्र मूत्राशयात पोचते. ताठ नळी बसवली की तेवढ्या भागात ही लाट निकामी होते.

रक्तवाहिन्यांसारख्या धातूच्या जाळ्या १९९०च्या सुमारास मूत्रवाहिनीत वापरून पाहिल्या गेल्या, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवला. जाळीच्या छिद्रांतून अस्तर आत वाढू लागले, धातूवर मूत्रातील क्षारांची पुटे चढली आणि वाट पुन्हा बुजली. पुढच्या रचना या अनुभवातून आल्या. त्यांतील निकेल-टायटॅनियमचा एक सर्पिल स्टेंट तर विज्ञानशिक्षकाला हवाच असा आहे. सुमारे ६० अंश सेल्सिअसचे पाणी सोडले की त्याचे टोक फुलून जागा धरते. १० अंशांखालचे पाणी सोडले की तो मऊ पडतो आणि ओढून काढता येतो. धातूला आकार आठवतो, हे शिकवायला याहून सुरेख उदाहरण कोणते? माहितीपत्रकांत मात्र ‘अत्याधुनिक’ एवढाच शब्द असतो.

कोणासाठी, हेही त्यांत क्वचितच सांगतात. कर्करोगाच्या गाठीने मूत्रवाहिनी बाहेरून दाबली गेली असेल, तर धातूचा स्टेंट विशेष उपयोगी पडतो. दाबाखाली प्लॅस्टिकची नळी लवकर हार खाते. क्षयरोगाने किंवा मुतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर आलेल्या अरुंदपणात प्रश्न वेगळा असतो. तरुण रुग्णाचा तेवढा भाग कापून पुन्हा जोडणे अनेकदा अधिक टिकाऊ ठरते.

पण सर्वांत मोठी उणीव तारखेची आहे. दोन्ही टोकांना वळलेली प्लॅस्टिकची नळी साधारणपणे तीन ते सहा महिन्यांत बदलावी लागते. नांदेड-लातूर भागातून ऊसतोडीला गेलेले कुटुंब दिवाळीच्या सुमारास गाव सोडते, ते उन्हाळा लागताना परतते. मुदत फडातच उलटून जाते. उन्हात राबताना पाणी कमी प्यायले जाते, मूत्र दाट होते, नळीवर खडे धरतात. दुखणे थांबलेले असल्याने नळी आत आहे याचाच विसर पडतो. मूत्रपिंड मात्र गुपचूप निकामी होऊ शकते.

तारेच्या वेटोळ्यांचा संपूर्ण धातूचा स्टेंट सुमारे वर्षभर ठेवता येतो. हंगामावर जाणाऱ्या माणसाला हे वर्ष फार मोलाचे आहे. परंतु ‘धातूचा’ हा शब्द ऐकला की आपल्याकडे ‘कायमचा’ असाच अर्थ घेतला जातो. धातूवरही पुटे चढतात, आणि वेळेवर न काढलेला स्टेंट पुढे अनेकदा शस्त्रक्रियेशिवाय निघत नाही. आमच्या मते माहितीपत्रकाच्या पहिल्याच ओळीत, स्टेंटच्या चित्राच्याही वर, तो काढण्याची तारीख लिहायला जागा हवी.