पॉपर आणि ऐकून घेण्याचा प्रश्न

आज कार्ल पॉपरबद्दल बोलायचं आहे. सुरुवातीलाच एक कबुली देतो. आम्ही वर्षानुवर्षं पॉपर दोन तुकड्यांत शिकवला. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाच्या तासाला १९३४ चं ‘संशोधनाचं तर्कशास्त्र’ आणि राजकीय तत्त्वज्ञानाच्या तासाला १९४५ चं ‘मुक्त समाज आणि त्याचे शत्रू’. पेपर वेगळे, प्रश्न वेगळे. हे चुकलं, असं आता आम्हाला वाटतं. का, ते सांगतो.

विज्ञान कशाला म्हणायचं? अनुकूल दाखले ज्योतिषालाही हवे तेवढे मिळतात. पॉपर म्हणतात, ते मोजत बसू नका. काय घडलं तर तुम्ही चूक ठराल, हे आधी सांगा. आइन्स्टाइन यांनी हा धोका पत्करला होता. १९१९ च्या सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळ वाकलेला दिसला नसता, तर त्यांचा सिद्धान्त अडचणीत आला असता. ही झाली खंडनक्षमता.

ऐकायला हे चोख वाटतं. पण इतिहास बघा. युरेनस न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालेना. ल व्हेरिए यांनी न्यूटनला सोडलं नाही. पलीकडे एखादा अज्ञात ग्रह असणार, असं त्यांनी गणित मांडलं आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला! पुढे बुधाची कक्षा जुळेना. त्याच माणसाने तीच युक्ती पुन्हा केली, सूर्याजवळ ‘व्हल्कन’ नावाचा ग्रह कल्पिला. दुर्बिणी लागल्या, पण व्हल्कन काही सापडला नाही. उत्तर मिळालं ते १९१५ मध्ये, आइन्स्टाइन यांच्याकडून.

आता सांगा, न्यूटनचा सिद्धान्त नेमका कोणत्या दिवशी खोटा ठरला? तर्कशास्त्राला तो दिवस सांगता येत नाही. पॉपरना याची कल्पना होती. सिद्धान्त वाचवायला नवं गृहीतक आणलंत, तर तेही तपासता आलं पाहिजे, असा त्यांचा नियम आहे. पण नेपच्यून काय नि व्हल्कन काय, दोन्ही तपासता येण्याजोगेच होते. कुठे थांबायचं, हे माणसांनाच ठरवावं लागतं. ते एकट्या शास्त्रज्ञावर सोडून चालत नाही. त्याचा तर जीव त्या सिद्धान्तात अडकलेला असतो.

इथे दुसरा ग्रंथ कामाला येतो. बेटावर एकटा रॉबिन्सन क्रूसो प्रयोगशाळा थाटून बसला आणि त्याचे निष्कर्ष आपल्या निष्कर्षांशी तंतोतंत जुळले, तरी पॉपर त्याला पुरतं विज्ञान म्हणायला तयार नाहीत. त्याची चूक काढायला तिथे दुसरं कुणी नाही ना! वस्तुनिष्ठता चारचौघांच्या तपासणीतून येते. म्हणजे विज्ञानाला आधी मुक्त समाजाची जमीन लागते. राजकारणातही त्यांचा प्रश्न तोच: राज्य कुणी करावं हे नंतर बघू, वाईट राज्यकर्ता रक्तपाताशिवाय दूर कसा करायचा ते आधी सांगा. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा पॉपर न्यूझीलंडमध्ये होते. तिथेच हा ग्रंथ लिहिला गेला.

इथवर आम्ही त्यांच्याबरोबर आहोत. तक्रार पुढे आहे.

पॉपर यांच्याच व्हिएन्नातली, १८४० च्या दशकातली गोष्ट. तिथल्या मोठ्या सार्वजनिक इस्पितळात दोन प्रसूती विभाग होते. एकात डॉक्टर नि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. पहिल्यात शंभरांतल्या सुमारे १० बाळंतिणी दगावायच्या, दुसऱ्यात ४ च्या आसपास. बायकांना हे ठाऊक होतं. पहिल्या विभागात घालू नका, म्हणून त्या हातापाया पडायच्या. १८४७ मध्ये सेमेलवाइस या डॉक्टरांनी शवविच्छेदन करून येणाऱ्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले.

आमच्या पाठ्यपुस्तकांत सेमेलवाइस यांची गृहीतकं क्रमाने येतात. त्या बायका येतात त्या घाबरलेल्या म्हणून. वास्तविक, ‘हा विभाग जास्त मारतो’ हे त्यांचं विधान तपासता येण्याजोगं होतं आणि खरंही होतं. तेव्हाचं व्हिएन्ना मुक्त नव्हतं, सेन्सॉरशिप होती, हे मान्य. पण समजा ती उठली असती, तर या बाळंतिणींचं म्हणणं कुणी टीका म्हणून नोंदवलं असतं का? बोलायची मुभा असणं वेगळं आणि ऐकलं जाणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीबद्दल पॉपर फार थोडं बोलतात.

मात्र वाट त्यांच्याकडेच सापडते. ते कबूल करतात, की जो युक्तिवाद ऐकायलाच तयार नाही, त्याला युक्तिवादाने विवेकाकडे आणता येत नाही. विवेक स्वीकारणं हा शेवटी नैतिक निर्णय असतो. टीकाकारांना ही पळवाट वाटली. आम्हाला हा त्यांचा सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो. निर्णय नैतिक असेल, तर त्याची जबाबदारीही येते: माझी चूक काढणारा ‘दुसरा’ कोण, हे आधीच ठरवून टाकायचं नाही.

आम्ही इतकी वर्षं शिकवलं, पण शेवटच्या बाकावरून प्रश्न का येत नाहीत, हे फार उशिरा विचारलं. तेव्हा आता थांबतो. प्रश्न विचारा, आणि पहिला प्रश्न मागच्या रांगेतून येऊ द्या.