शंभर दिवसांचे धनी

नोव्हेंबर २०२३मधल्या एका आठवड्यात सहा जणांची एक समिती पुरती संपली. २०२७मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात भरणाऱ्या सोळाव्या ‘डॉक्युमेंटा’ या कला महोत्सवासाठी कलासंचालक निवडण्याचे मानाचे काम तिच्याकडे होते. आधी इस्रायली चित्रकार ब्राखा लिख्टेनबर्ग एटिंगर बाहेर पडल्या. गाझातले युद्ध पेटले असताना समितीने काम थोडे लांबणीवर टाकावे, ही त्यांची विनंती मान्य झाली नव्हती. दोनच दिवसांनी मुंबईचे कवी आणि कलासमीक्षक रणजित होस्कोटे यांनी राजीनामा दिला. मग उरलेल्या चौघांनीही एकत्र पत्र लिहून रामराम ठोकला.

होस्कोटे यांच्या राजीनाम्याचे मूळ मुंबईतच होते. ऑगस्ट २०१९मध्ये मुंबईतल्या इस्रायली वाणिज्य दूतावासाने झायोनिझमचे, म्हणजे ज्यू राष्ट्रवादाचे, प्रवर्तक हर्झल आणि सावरकर यांच्या राष्ट्रविचारांवर एक कार्यक्रम ठेवला होता. झायोनिझम आणि हिंदुत्व यांना एका माळेत ओवण्याला विरोध करणारे एक पत्रक तेव्हा निघाले आणि त्यावर होस्कोटे यांची सही होती. चार वर्षांनी म्युनिकच्या ‘झ्युडडॉइच त्सायटुंग’ने ती सही उकरून काढली. पत्रकाची भाषा ज्यूद्वेष्टी असल्याचा आरोप झाला आणि डॉक्युमेंटाच्या व्यवस्थापनानेही कडक शब्दांत नापसंती नोंदवली. इस्रायली सरकारवरील टीका आणि ज्यूद्वेष यांच्यातली रेघच पुसून टाकणारी व्याख्या मान्य करायला आपण तयार नाही, असे सांगून होस्कोटे दूर झाले. व्हेनिस बिनालेत २०११ साली भारताचे पहिले राष्ट्रीय दालन उभारणारा, तीस-पस्तीस वर्षे चित्रकलेवर लिहिणारा हा माणूस. त्याला निवडण्यात चूक होती की त्याला जाऊ देण्यात, हे ठरवणारी कोणतीही ठरलेली पद्धत कासेलमध्ये नव्हती. जगातल्या सर्वांत वजनदार समकालीन कला महोत्सवाच्या दुखण्याचे निदान याच उणिवेपासून सुरू करावे लागते.

कासेल हे दोन लाख वस्तीचे शहर. दर पाच वर्षांनी तिथे शंभर दिवस हा महोत्सव भरतो. व्हेनिससारखी इथे राष्ट्रांची दालने नसतात, बक्षिसे नसतात, कलाबाजारही भरत नाही. एका कलासंचालकाला काही वर्षे आणि भरपूर पैसा मिळतो, आणि त्याच्या नजरेतून आजची कला मांडली जाते. महोत्सव चालवते ती एक ना-नफा कंपनी. तिचे भागधारक दोनच, कासेल महापालिका आणि हेसन राज्य. कंपनीवर पर्यवेक्षक मंडळ असते आणि त्याचे अध्यक्षपद शहराच्या महापौराकडे. केंद्र सरकारचा पैसा सांस्कृतिक प्रतिष्ठानामार्फत येतो. म्हणजे तिजोरी सरकारी, हिशेब व्यवस्थापकीय संचालकाकडे आणि भिंतींवर काय लागेल हे ठरवणारा कलासंचालक तिसराच. या तिघांनी एकमेकांच्या हद्दीत शिरायचे नाही, असा अलिखित करार पन्नास वर्षे पाळला गेला.

करार सुरुवातीपासून नव्हता. १९५५ साली कासेलच्या आर्नोल्ड बोडे या चित्रकार-शिक्षकाने राष्ट्रीय उद्यान प्रदर्शनाचा मुहूर्त साधून, बॉम्बहल्ल्यात पडझड झालेल्या फ्रिडरिसियानुम संग्रहालयात पहिली डॉक्युमेंटा भरवली. नाझींनी ‘अधःपतित’ म्हणून हिणवलेली आधुनिक कला पुन्हा मानाने लावायची, हा तिचा घोषित हेतू. बोडेंना वैचारिक बळ पुरवणारे कलेतिहासकार व्हेर्नर हाफ्टमान मात्र स्वतः १९३७पासून नाझी पक्षाचे सदस्य होते. अलीकडच्या संशोधनातून हे बाहेर आले आणि २०२१ साली बर्लिनच्या जर्मन ऐतिहासिक संग्रहालयाने त्यावर प्रदर्शनच भरवले. पहिल्या डॉक्युमेंटाच्या संयोजकांपैकी जवळजवळ निम्म्यांचा नाझी पक्षाशी किंवा त्याच्या संघटनांशी संबंध होता. नाझींच्या छळात मेलेला ज्यू चित्रकार रुडोल्फ लेव्ही प्राथमिक यादीत होता, प्रदर्शनात मात्र त्याचे चित्र लागले नाही. ज्यूद्वेषाच्या प्रश्नावर कासेल इतके हळवे का, याचे अर्धे उत्तर या उशिरा उघडलेल्या कपाटात आहे.

पहिल्या चार खेपांना कलाकार निवडण्याचे काम समित्यांकडे असे. १९७२ साली स्विस क्युरेटर हाराल्ड झेमान यांच्याकडे सगळी सूत्रे एकहाती आली आणि आजच्या अर्थाने ‘क्युरेटर’ नावाची असामी तिथे जन्मली. पण तूट पडली, तेव्हा ती झेमान यांच्याकडून व्यक्तिशः वसूल करण्याची भाषा झाली. म्हणजे मोकळीक दिली, पण तिची किंमत कोणी मोजायची हा प्रश्न पहिल्याच वर्षी उभा राहिला आणि तो कुणी नीट सोडवला नाही.

तरीही त्या मोकळिकीने जे दिले ते थोडे नव्हते. १९८२ साली योझेफ बॉइस यांनी फ्रिडरिसियानुमसमोर बेसाल्टच्या सात हजार शिळांचा ढीग रचला. शहरात एक ओक लावला की त्याच्याशेजारी एक शिळा रोवायची आणि तेवढाच ढीग कमी व्हायचा. शेवटचे झाड १९८७ साली, बॉइस यांच्या निधनानंतर, त्यांच्या मुलाने लावले. महापालिकेच्या कोणत्याही समितीने अशी कलाकृती आपणहून मागितली नसती. १९९७ साली कात्रीन दाविद या पहिल्या महिला संचालक झाल्या. २००२ साली नायजेरियात जन्मलेले ओक्वुई एन्वेझोर आले आणि त्यांनी महोत्सवाची चर्चासत्रे व्हिएन्ना, नवी दिल्ली, लेगोस अशी कासेलबाहेर पांगवली. युरोपचे आरशात पाहणे तिथे थांबले. पुढे २००८ साली दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू बिनालेत एन्वेझोर यांच्या सोबतीला होस्कोटेही होते.

या बदलाचा लाभ आपल्याकडेही पोहोचला. २००७मध्ये अतुल दोडिया कासेलला होते. २०१२मध्ये नलिनी मलानींच्या फिरत्या पारदर्शक नळकांड्यांवरील चित्रांच्या सावल्यांनी एक अख्खे दालन व्यापले, आणि त्याच वर्षी मुंबईच्या ‘कॅम्प’ या गटाने अरबी समुद्रातल्या गलबतांवरच्या खलाशांचे जग तिथे नेले. २०१७ साली गोव्यात राहणारे निखिल चोप्रा अथेन्सहून कासेलपर्यंत प्रवास करत ठिकठिकाणी चित्रे काढत, सादरीकरण करत गेले. त्याच वर्षी गौरी गिल यांची छायाचित्रमालिका लागली. तिच्यातली माणसे पालघर जिल्ह्यातल्या जव्हारची. बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवासाठी कागदाच्या लगद्याचे मुखवटे घडवणाऱ्या आदिवासी कारागिरांना गिल यांनी देवांऐवजी रोजच्या जगण्याचे मुखवटे करायला सांगितले. मग मुखवटा चढवून दुकानात बसलेली, खाटेवर आजारी पडलेली, गप्पा मारणारी माणसे कॅमेऱ्यासमोर आली. महाराष्ट्रातल्या किती कलासंस्थांनी जव्हारच्या या हातांना इतकी मोठी भिंत दिली, हा प्रश्न इथे विचारायला हरकत नाही.

त्याच २०१७च्या खेपेपासून व्यवस्थेचा सांधा निखळायला सुरुवात झाली. संचालक आदाम शिमचिक यांनी महोत्सव कासेल आणि अथेन्स असा दोन शहरांत भरवला. कल्पना मोठी होती, खर्च त्याहून मोठा झाला. सुमारे ७० लाख युरोंचे भगदाड पडल्याचे सप्टेंबरात उघड झाले आणि शहर व राज्य यांना हमी द्यावी लागली. पर्यवेक्षक मंडळातल्या राजकारण्यांनी व्यवस्थापनाकडे बोट दाखवले. दोन शहरांची योजना आणि तिचे आकडे आपल्यासमोर आधीपासून होते, हे सोयीस्करपणे कुणाला आठवले नाही. व्यवस्थापकीय संचालक आनेट कुलेनकाम्पफ यांना पद सोडावे लागले. पुढच्या वर्षी केंद्रीय सांस्कृतिक प्रतिष्ठानाने मंडळातल्या आपल्या जागा सोडल्या. पैसा चालू राहिला, देखरेख मात्र पातळ झाली.

मग २०२२ आले. जकार्ताचा ‘रुआंगरुपा’ हा गट कलासंचालक होता. एका व्यक्तीऐवजी संपूर्ण गटाकडे महोत्सव सोपवण्याची ही पहिलीच वेळ. ‘लुंबुंग’, म्हणजे गावाचे सामायिक धान्यकोठार, ही त्यांची मध्यवर्ती कल्पना. पैसा आणि निर्णय त्यांनी चौदा गटांत वाटले, त्या गटांनी आणखी कलाकार बोलावले आणि सहभागी माणसांची संख्या दीड हजाराच्या पुढे गेली. त्यांत मुंबईचे अमोल पाटील होते. पोवाडे रचणारे आजोबा, नाटके लिहिणारे वडील आणि गिरणगावातल्या चाळी यांचा वारसा त्यांच्या कामात उतरला होता. भिंतीवर टांगलेल्या वस्तूपेक्षा माणसे एकत्र काम कशी करतात हेच दाखवायचे, हा आग्रह ताजा होता आणि अनेक ठिकाणी तो फळलाही.

जानेवारीपासूनच पॅलेस्टिनी सहभागावरून ज्यूद्वेषाचे आरोप सुरू झाले होते. त्यावर ठेवलेली चर्चासत्रे मे महिन्यात बारगळली. १८ जूनला उद्घाटन झाले. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी फ्रिडरिसप्लाट्स या मुख्य चौकात ‘तारिंग पादी’ या इंडोनेशियन गटाचा अजस्र बॅनर चढला. २००२ साली सुहार्तोंच्या संपलेल्या राजवटीवर रंगवलेल्या त्या शेकडो आकृतींच्या गर्दीत डुकराच्या तोंडाचा, डेव्हिडचा तारा आणि ‘मोसाद’ अशी अक्षरे मिरवणारा एक सैनिक होता. शेजारी सुळे आणि कानशिलांवर बटा असलेला, एसएस या नाझी दलाची खूण टोपीवर लावलेला एक ज्यू पुरुष होता. हा ज्यूद्वेषच होता. त्यावर ‘संदर्भ वेगळा आहे’ ही सबब टिकत नाही, आणि गटाने पुढे माफी मागितली हे योग्यच झाले. २० जूनला बॅनरवर काळे कापड पडले, दुसऱ्या दिवशी तो उतरवला गेला.

खरी परीक्षा त्यानंतरची होती. निर्णय कोण घेणार? व्यवस्थापकीय संचालक साबिने शोरमान यांचे म्हणणे, आशय तपासणे आमचे काम नाही. रुआंगरुपाचे म्हणणे, अधिकार आम्ही वाटून टाकले आहेत. पर्यवेक्षक मंडळाचे म्हणणे, कलेचे स्वातंत्र्य घटनेच्या पाचव्या कलमाने जपले आहे, आम्ही हात कसा घालू. केंद्रीय सांस्कृतिक मंत्री क्लाउडिया रोट म्हणत, पैसे आमचे आणि मंडळात जागा मात्र नाही. प्रत्येक वाक्य आपापल्या जागी खरे होते. पण त्या अलिखित कराराचा आता ढाल म्हणून उपयोग चालला होता. सल्लागार म्हणून बोलावलेले मेरोन मेंडेल निघून गेले, सहभागी कलाकार हिटो श्टायर्ल यांनी आपले काम मागे घेतले, जुलैत शोरमान यांना जावे लागले. भागधारकांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबरात एक चित्रपटमालिका थांबवायला सांगितली, तेव्हा कलाकारांनी हे सेन्सॉर आहे म्हणत नकार दिला. वंशभेदी आणि पारलिंगी-द्वेष्टे हल्ले होत असल्याचे सांगून दिल्लीच्या ‘पार्टी ऑफिस’ या गटाने आपले कार्यक्रम रद्द केले. या दुसऱ्या तक्रारीला पहिलीच्या शतांशाइतकीही जागा जर्मन वृत्तपत्रांत मिळाली नाही. इतके होऊनही ७ लाख ३८ हजार लोकांनी प्रदर्शन पाहिले.

बॅनर आणि होस्कोटे यांची सही या दोन गोष्टी एकाच फाइलीत घालणे ही त्यानंतरची घोडचूक. चौकात लावलेल्या चित्राची जबाबदारी लावणाऱ्यावर येते. आपल्या शहरातल्या एका कार्यक्रमाविरुद्ध नागरिक म्हणून केलेली जुनी सही ही वेगळी बाब आहे. तिच्यावर वाद घालता येईल. पण तिच्या आधारे माणसाची पात्रता ठरू लागली, तर दक्षिण आशिया, आफ्रिका, अरब जग आणि लॅटिन अमेरिका इथून फारसे कुणी उरणार नाही. कारण या भागातल्या लेखक-कलावंतांनी पॅलेस्टाइनवर कधी ना कधी सही केलेलीच असते. एन्वेझोर यांनी उघडलेले दार एका जुन्या सहीने पुन्हा बंद होऊ शकते.

पुढचे उपाय कागदावरचे आहेत आणि सगळेच वाईट नाहीत. कासेलमध्ये एक सल्लागार कंपनी आली, अहवाल आला, आचारसंहितेचा मसुदा आला. कलासंचालकालाही संहितेने बांधावे, या सूचनेविरुद्ध कलाविद्यार्थ्यांनी आणि कलाकारांनी मोहीम चालवली. मे २०२४मध्ये मधला मार्ग निघाला. संहिता कंपनीला लागू होईल, कलासंचालकाला नाही. त्याने आपली भूमिका आणि मानवी प्रतिष्ठेच्या आदराबद्दलची आपली समज सुरुवातीलाच जाहीर भाषणात सांगायची. आजवरची ही सर्वांत सुज्ञ तरतूद, कारण तिच्यात आधी चाळणी लावण्याऐवजी उत्तरदायित्व उघड्यावर आणले आहे. तिची खोट एवढीच, की वादाची वेळ आली तर शेवटचा शब्द कुणाचा, हे तिच्यातही स्पष्ट नाही.

आपल्या देशातला कोची-मुझिरिस बिनाले डॉक्युमेंटाच्या उलट टोकाला उभा आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू यांनी तो २०१२ साली कलाकारांचा म्हणून उभा केला. केरळ सरकारने हात दिला, पण कारभार प्रतिष्ठानाकडे राहिला. तिथे आशयावरून सरकार आणि क्युरेटर समोरासमोर येण्यापेक्षा पैसा आणि वेळापत्रकच आडवे येते. डिसेंबर २०२२मध्ये उद्घाटनाच्या तोंडावर क्युरेटर शुबिगी राव यांचे प्रदर्शन अकरा दिवस पुढे गेले आणि सहभागी कलाकारांनी संयोजनातल्या गोंधळाबद्दल जाहीर पत्र लिहिले. पुढची खेप वर्षभर लांबली आणि डिसेंबर २०२५मध्ये निखिल चोप्रा व गोव्याच्या ‘एचएच आर्ट स्पेसेस’ यांच्या हाती आली. एका महोत्सवाला फार धनी, दुसऱ्याला पुरेसा एकही नाही. नुकसान दोन्हीकडे कलाकाराचेच.

सोळाव्या डॉक्युमेंटासाठी नवी समिती बसली आणि डिसेंबर २०२४मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाच्या मुख्य क्युरेटर नेओमी बेकविथ यांचे नाव जाहीर झाले. या पदावर आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. एन्वेझोर यांच्या निधनानंतर त्यांचे शेवटचे प्रदर्शन पुरे करणाऱ्या क्युरेटरांत त्या होत्या. १२ जून ते १९ सप्टेंबर २०२७ हे त्यांचे शंभर दिवस. यादीत जव्हार, जकार्ता किंवा रामल्ला दिसेल की नाही, याकडे लोक पाहतीलच. पण आक्षेपाचा पहिला फोन आल्यावर महापौर, व्यवस्थापकीय संचालक आणि बेकविथ यांच्यापैकी तो कोण उचलतो, आणि उचलणारा स्वतःच्या नावाने उत्तर देतो का, हे त्याआधी ठरायला हवे. ते ठरवायला अजून वेळ आहे.