आजीने न पाहिलेली नूतन

आपल्या बायकांमध्ये नूतनचं नाव निघालं की पहिला शब्द येतो तो 'सोज्वळ'. दुसरा 'साधी'. तिसरा 'सोशिक'. हे तीन शब्द मी इतक्या घरांत ऐकलेत की ते आरतीसारखे पाठ झालेत. नूतन २१ फेब्रुवारी १९९१ रोजी गेली. तिचे गाजलेले सिनेमे टॉकीजमध्ये पाहिलेल्या बायका आता फार थोड्या उरल्या. बाकी आपण सगळ्या तिला ऐकून ओळखतो. म्हणून एकदा तपासून पाहावंसं वाटलं, की आपल्याला सांगितली गेलेली नूतन आणि पडद्यावरची नूतन, या दोघी एकच आहेत का?

आमच्या घरापुरतं सांगायचं तर नूतनची सगळ्यांत मोठी भक्त माझी आजी, आणि आजीने नूतनचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. आजोबा गेल्यावर तिने मुनिमहाराजांसमोर नियम घेतला होता. रंगीत लुगडं नाही, सिनेमा-नाटक नाही. नियम तिने कधी मोडला नाही. पण सिनेमा ऐकायचा नाही असं काही त्या नियमात नव्हतं! गुडीहत्नूरहून आदिलाबाद पंचवीसेक किलोमीटर. मोठी काकू खरेदीच्या निमित्ताने वर्षातून एखादा सिनेमा पाहून यायची. तोही दुपारचाच खेळ, कारण दिवस मावळायच्या आत घरी येऊन जेवण उरकायचं. मग पुढचे आठ दिवस डाळ-तांदूळ निवडताना तो सिनेमा आजीला सांगितला जायचा. आजीने पुढे तो माझ्या आईला सांगितला, आईने मला. आमचं गाव निजामाच्या राज्यातलं, १९५६ साली आंध्रात गेलं, २०१४ पासून तेलंगणात आहे. घरात मराठी, कचेरीत आधी उर्दू आणि मग तेलुगू, त्यामुळे हिंदी सिनेमा सगळ्यांना थोडाफार कळायचा. पण कळणं वेगळं आणि सांगणं वेगळं. सांगताना माणूस निवडतं, डाळीतून खडे निवडावेत तसं.

आता काय निवडलं आणि काय फेकलं, ते बघा.

घरात आधी सांगितलं जायचं ते असं की नूतन म्हणजे 'सीतेची लेक'. हे खरंच आहे. तिची आई शोभना समर्थ १९४३च्या 'रामराज्य'मध्ये सीता झाली होती, आणि ती सीता घराघरात पोचली होती. आपली मराठी मुलगी, सीतेच्या पोटची, म्हणजे बघायला हरकत नाही, असा तो दाखला. पण हीच मुलगी १९५२ साली मिस इंडिया झाली होती, १९५८च्या 'दिल्ली का ठग'मध्ये पोहण्याच्या पोशाखात दिसली होती, 'पेइंग गेस्ट' आणि 'तेरे घर के सामने'मध्ये देव आनंदला बरोबरीने चिडवत होती, हे आमच्या घरातल्या आठवणीत कुठेच नाही. 'सीमा' (१९५५) मधली गौरी चोरीच्या खोट्या आळाने सुधारगृहात येते आणि तिथे ओरडते, तोडफोड करते, पळून जाते. फिल्मफेअरचा पहिला पुरस्कार तिला याच भूमिकेसाठी मिळाला. आमच्याकडे 'सीमा'चं फक्त भजनासारखं गाणं उरलं. गौरीचा राग कुणी सांगितला नाही.

हे झाले छोटे खडे. मोठे दोन आहेत.

पहिला 'सुजाता'. बिमल रॉय यांचा हा १९५९चा सिनेमा सुबोध घोष यांच्या बंगाली कथेवरून केलेला. आमच्या घरची गोष्ट अशी: एक अनाथ पोर, दुसऱ्याच्या घरी वाढली, कुणाला उलटून बोलली नाही, शेवटी तिच्या गुणांचं चीज झालं. पडद्यावरची सुजाता अनाथ आहे हे खरं, पण गोष्ट त्याची नाहीच. ती अस्पृश्य घरात जन्मलेली आहे आणि ब्राह्मण घरात वाढते आहे. घरातली आई, म्हणजे सुलोचनाबाईंनी केलेली चारू, तिची ओळख 'मुलगी' अशी करून देत नाही, 'मुलीसारखी' अशी करून देते. सगळा सिनेमा त्या 'सारखी'वर उभा आहे. मध्येच टागोरांची 'चंडालिका' येते, तीही उगाच नाही. आणि आमच्या तीन पिढ्यांच्या सांगण्यात जात हा शब्द एकदाही आला नाही.

का आला नाही, ते सांगायला फार संशोधन नको. आमच्या ओट्याच्या कोनाड्यात कापूस वेचायला येणाऱ्या बायकांसाठी वेगळे पेले ठेवलेले असत. काकू 'सुजाता' पाहून रडून घरी आली असेल, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पेल्यांत वरून पाणी ओतलं असेल. दोन्ही गोष्टी एका घरात नांदायच्या तर एकीतून काहीतरी काढावं लागतं. पेले काढणं अवघड होतं, गोष्टीतली जात काढणं सोपं. आपल्याकडे तर मुंगीला जपण्याची शिकवण बाळघुटीबरोबर मिळते, म्हणून हे आपल्याला जास्त टोचायला हवं.

दुसरा खडा 'बंदिनी'. हा १९६३चा, पुन्हा बिमल रॉय यांचाच, जरासंध यांच्या बंगाली कादंबरीवरून. आमच्याकडे सांगितली गेलेली कल्याणी दुसऱ्याच्या पापासाठी तुरुंगात गेलेली बाई आहे. पडद्यावरची कल्याणी खून करते. ज्या माणसाने परत येतो म्हणून सांगून दुसरं लग्न केलं, त्याची बायको तिच्याच हाताखाली रुग्ण म्हणून येते. ती बायको चिडकी, आजारी, येताजाता अपमान करणारी. त्यातच वडील गेल्याची बातमी येते. कल्याणी तिला विष देते. तो प्रसंग एकदा नीट पाहा. संवाद जवळजवळ नाहीत. बाहेर लोखंडावर घणाचे ठोके पडताहेत, वेल्डिंगचा उजेड चेहऱ्यावर येतो आणि जातो, आणि त्या उजेडात नूतनचा चेहरा हळूहळू आपल्या ओळखीचा राहत नाही. ती किंचाळत नाही, दात-ओठ खात नाही. आतून काहीतरी सुटलं एवढंच दिसतं. नूतनचं मोठेपण इथे आहे. सज्जन बाई सज्जन दाखवणं कुणालाही जमतं. सज्जन बाईच्या हातून एवढं मोठं पाप घडताना ती आपल्याला परकी वाटू नये, हे तिने करून दाखवलं. आणि नेमकं तेवढंच आमच्या गोष्टीतून गळालं.

याचं कारण मला आपल्या सतीकथांमध्ये सापडतं. चंदना, अंजना, मैनासुंदरी, अनंतमती या कथा आजीला तोंडपाठ होत्या. कथेचा साचा ठरलेला: बाई निर्दोष, संकट बाहेरचं, सोसणं तिचं, आणि शेवटी शीलाचा जय. काकूने आणलेला प्रत्येक सिनेमा या साच्यात ओतला गेला. सुजाता तर चंदनेची बहीणच वाटावी. चंदनाही परक्या घरात वाढली, कौशांबीच्या श्रेष्ठीने तिला लेकीसारखं ठेवलं, त्याच्या बायकोने मत्सराने तिचं डोकं भादरून साखळीने बांधलं. कल्याणी मात्र या साच्यात बसत नाही, कारण 'बंदिनी'त चंदनेच्या जागी उभी असलेली बाईच घरच्या बायकोला मारते. मग विष गाळलं आणि कल्याणी बसवली.

पण साचा म्हणून चंदनेची कथा वापरताना आपण चंदनेलाही कापलं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. भगवान महावीरांना आहार दिला, साखळ्या गळून पडल्या, इथे आपली गोष्ट संपते. पुढे हीच चंदना भगवंतांच्या संघात छत्तीस हजार आर्यिकांची प्रमुख झाली, हे मुलींना सांगताना आपण किती वेळा सांगतो? सोसणारी चंदना सगळ्यांना हवी असते. संघ चालवणारी चंदना ग्रंथातच राहते.

या निवडण्याची किंमत आमच्या घरात एका बाईने मोजली. माझी आत्या लग्नानंतर दोन वर्षांनी माहेरी आली, परत जाणार नाही म्हणाली. कारणं होती, ती घरात सगळ्यांना माहीत होती. आठ-दहा दिवस समजूत घालणं चाललं, आणि त्यात आजीचं एक वाक्य होतं, "ते सुजाता पाह्य. एवढं झालं तरी काही बोलली का ते?" आत्या परत गेली. पुढची चाळीस वर्षं तिथेच काढली. आमच्या घरात नूतन न आवडणारी ती एकटीच. तिला वैजयंतीमाला आवडायची. "नाचते तरी," म्हणायची. पडद्यावरची सुजाता कुठे गप्प राहते आणि कुठे नाही, हे आत्याला कुणी सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते मला ठाऊक नाही. पण ऐकीव गोष्टीच्या जोरावर एक बाई परत पाठवली गेली, एवढं ठाऊक आहे.

खुद्द नूतनने काय केलं? तिचा आणि आईचा पैशांवरून वाद झाला, तो कोर्टापर्यंत गेला, आणि मायलेकी कित्येक वर्षं दुरावल्या. पुढे १९८०च्या दशकात त्यांचं पुन्हा जुळलं. कोण बरोबर होतं याचा निवाडा आपण कशाला करायचा? पण 'सीतेची लेक' आपल्या कमाईचा हिशोब मागते, ही गोष्ट आमच्या घरात एकाही दुपारी सांगितली गेली नाही. १९५८च्या 'सोने की चिडिया'त, इस्मत चुगताई यांनी लिहिलेल्या कथेत, ती नातेवाइकांनी पिळून काढलेली नटीच झाली होती. तोही सिनेमा आमच्यापर्यंत आला नाही.

शेजारच्या तेलुगू घरांत अशीच जागा सावित्रीची. 'मायाबझार' (१९५७) आजही तिथे पाठ असतो. पण त्या बायका सावित्रीच्या अभिनयाबरोबर तिचं फसणं, पिणं, मोडून पडणंही सांगतात, आणि २०१८ साली 'महानटी' आला तेव्हा ते सगळं पाहून मनापासून रडल्या. त्यांची देवी चुकू शकते. आपल्या देवीला आपण चुकू देत नाही.

आता आजीवर सगळा दोष टाकून मोकळं होणं बरोबर नाही. बिमल रॉय यांनीही थोडा हात दिलाच आहे. सुजाताला 'मुलगी' व्हायला शेवटी रक्त द्यावं लागतं, म्हणजे माणूस आहोत हे सिद्ध करून दाखवावं लागतं. आणि 'बंदिनी'च्या शेवटी एकीकडे आगगाडी, एकीकडे आगबोट, एकीकडे तिचा भूतकाळ माहीत असूनही लग्नाला तयार असलेला तरुण डॉक्टर, दुसरीकडे तिला फसवलेला आणि आता आजारी पडलेला माणूस. कल्याणी धावत आगबोटीकडे जाते. पुष्कळ बायकांना तो शेवट पटत नाही, मलाही पटत नाही.

आणि गंमत म्हणजे, आजीलाही तो पटला नव्हता. काकूच्या गोष्टीत शेवट सिनेमातलाच होता, हे आईला पक्कं आठवतं. आजीच्या सांगण्यात मात्र कल्याणी आगबोटीत बसते, नदी ओलांडते आणि पलीकडे जाऊन दीक्षा घेते! डॉक्टर नाही, तो आजारी माणूसही नाही. सिनेमा न पाहिलेल्या, नियमात बांधलेल्या एका विधवेने बिमल रॉय यांचा शेवट बदलून टाकला. याला मी समीक्षाच म्हणेन. काकूने गोष्टीतून पाप गाळलं, आजीने पुरुष गाळला.

फक्त एक अडचण राहते. पाप गाळल्यावर दीक्षेला कारण उरत नाही. निर्दोष कल्याणी कशाला नदी ओलांडेल? विष परत गोष्टीत ठेवलं की आजीचा शेवट एकदम उभा राहतो. पडद्यावर कल्याणी तुरुंगातल्या वहीत आपली सगळी हकीकत स्वतःच्या हाताने लिहून काढते. काही लपवत नाही, कुणावर ढकलत नाही. आपल्याकडे याला नाव आहे, आलोचना. रोज आलोचनापाठ म्हणणाऱ्या घरात ती वही ओळखता यायला हवी होती. घडलेलं उघड सांगणं, त्याचं प्रायश्चित्त घेणं, आणि मग स्वतःची वाट चालणं. हे निर्दोष सतीच्या कथेत मावत नाही, पण आपल्या धर्मात मावतं.

दशलक्षण पर्वात आपल्या महिला मंडळात दुपारी कार्यक्रम असतात, दरवर्षी मैनासुंदरीची नाटिका होते. यंदा उत्तम क्षमेच्या दिवशी 'बंदिनी' लावावा, पूर्ण, विषासकट, असं मी सुचवलं आहे. काही जणींनी नाक मुरडलं, काही जणींनी वेळ विचारली. सिनेमा संपल्यावर मुलींना एवढंच विचारायचं, की हिने क्षमा कुणाची मागायची, आणि हिची क्षमा कुणी मागायची?