‘फरक नाही’ म्हणजे नक्की किती नाही? एक्झिमाच्या एका ट्रायलबद्दल

मागच्या महिन्यात ताईचा फोन आला. भाची तीन वर्षांची. कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घडीत खाजवत रात्र काढते. डॉक्टरांनी एक्झिमा, म्हणजे इसब, असं सांगितलंय. "आंघोळीच्या पाण्यात टाकायचं एक तेल मिळतं म्हणे, पण महाग आहे. आणू का? तू पीएचडी करतेस ना, बघ जरा वाचून."

माझा विषय त्वचा नाही, पण पेपर वाचणं तर आपलं रोजचंच काम. वाचताना मी एक चूक केली, ती तुमच्याकडूनही होऊ शकते, म्हणून हे लिहितेय.

पेपर आहे ‘बेद’ (BATHE) ट्रायलचा, बीएमजे, २०१८. इंग्लंड आणि वेल्समधली १ ते ११ वर्षांची ४८२ मुलं. रँडम पद्धतीनं दोन गट केले. एका गटानं आंघोळीच्या पाण्यात असं तेलकट मिश्रण टाकायचं, दुसऱ्यानं नाही. अंगाला लावायचं मॉइश्चरायझर, लागेल तेव्हा स्टेरॉइड मलम, हे दोन्हीकडे नेहमीसारखं चालू.

मोजलं ‘पोएम’ या प्रश्नावलीनं. गेल्या आठवड्यात किती दिवस खाज होती, झोपमोड झाली, रक्त आलं, पाणी सुटलं, भेगा पडल्या, सालं निघाली, कातडी कोरडी होती? सात प्रश्न, ० ते २८ गुण. यात लाली किती, हा प्रश्नच नाही, आणि ते मला आवडलं. सावळ्या कातडीवर एक्झिमा लाल दिसेलच असं नाही. तो तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसू शकतो. लालीच शोधत बसलो तर आजार उशिरा ओळखू येतो. खाज आणि झोपमोड मात्र कुठल्याही रंगाच्या कातडीत कळते.

१६ आठवड्यांची सरासरी: टाकणारे ७.५, न टाकणारे ८.४. इतर घटक हिशेबात धरल्यावर फरक ०.४१, आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल −०.२७ ते १.१०. मी लगेच वहीत लिहिलं: ‘इंटरव्हलमध्ये शून्य आहे, म्हणजे फरक नाही.’

इथेच चुकलं. शून्य आत आहे याचा अर्थ एवढाच, की फरक सिद्ध झालेला नाही. ट्रायल चाळीस मुलांची असती तर इंटरव्हल लांबलचक आला असता, शून्य त्यातही असू शकलं असतं, आणि आपल्याला काहीच कळलं नसतं. विचारायचं असतं ते हे: पेशंटला जाणवेल असा फरक किती? पोएमसाठी तो साधारण ३ गुण धरतात. इथे इंटरव्हलचं वरचं टोकच १.१० आहे. म्हणजे सरासरी मुलाला जाणवण्याइतका फायदा असण्याची शक्यता या आकड्यांनी जवळपास बाद केली. ‘फरक सापडला नाही’ यापेक्षा हे खूपच ठाम विधान आहे.

आपण कोणत्या गटात आहोत हे आईवडिलांना माहीत होतं, ही ट्रायलची कमजोरी. पण त्यामुळे तेल वापरणारे ‘बरं वाटतंय’ असं जास्त सांगण्याची शक्यता. तरीही फरक इतकाच आला. बायसची दिशा बघायची ती यासाठी.

आता माझा आक्षेप. पेपरचा निष्कर्ष लोकांपर्यंत ‘उपयोग नाही’ इतकाच पोचतो. पण आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा आंघोळ करणाऱ्या मुलांत फरक २.२७ होता, इंटरव्हल ०.६३ ते ३.९१. मगाचीच कसोटी लावा: ३ आत आहे! म्हणजे या मुलांसाठी जाणवण्याजोगा फायदा बाद होत नाही. सिद्धही होत नाही, कारण हा छोटा उपगट आहे, आणि बरेच उपगट तपासले की एखादा योगायोगानंही चमकतो. थोडा फायदा असू शकेल, हे लेखकांनी लपवलेलं नाही. आपणच सारांश वाचून पुढे जातो.

आणि आपल्याकडे तर पोरांना रोज आंघोळ! म्हणजे आपण नेमके याच उपगटात. पण तिथली मुलं बहुतेक टबात बसतात, आपण बादली-तांब्यानं पाणी ओततो. तेलकट पाणी अंगावर किती वेळ राहणार? त्यामुळे हा आकडाही जसाच्या तसा इथे आणता येत नाही.

ताईला सांगितलं, तेलाचे पैसे सध्या राहू दे. अंगाला लावायचं मॉइश्चरायझर या ट्रायलनं निरुपयोगी ठरवलेलं नाही. ते रोज, भरपूर लाव. स्टेरॉइड मलम डॉक्टरांनी सांगितलंय तितकं आणि तितके दिवस लाव, घाबरून अर्ध्यात सोडू नकोस.

पुढच्या वेळी ‘फरक नाही’ म्हणणारा पेपर हातात आला, तर निकालाचा तक्ता उघडण्याआधी वहीत दोन गोष्टी लिहा: किती फरक पडला तर मी त्याला फरक म्हणेन, आणि तो नेमका कोणाच्या बाबतीत. मग इंटरव्हल बघा.