क्रिकेटचे देशीकरण आणि मराठी परिभाषा : एका मताची चिकित्सा

एखाद्या राष्ट्राच्या संस्कृतीत क्रिकेटचे स्थान कोणते, असा प्रश्न या खेळाशी अपरिचित असलेल्या जिज्ञासूने विचारला, तर त्यास बहुधा दोन प्रकारची उत्तरे मिळतात. कोणी त्यास नियम समजावून सांगतो : अकरा-अकरा खेळाडूंचे दोन संघ, बावीस यार्डांची खेळपट्टी, तिच्या दोन्ही टोकांस तीन-तीन यष्ट्या, एका संघाने धावा करावयाच्या आणि दुसऱ्याने त्या रोखून गडी बाद करावयाचे. दुसरा कोणी त्यास विजयांची यादी ऐकवितो : १९३२ मध्ये लॉर्ड्‌सवरील पहिला कसोटी सामना, १९५२ मध्ये मद्रास येथे कसोटीतील पहिला विजय, १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली वेस्ट इंडीज व इंग्लंड येथे जिंकलेल्या मालिका, १९८३ चा विश्वचषक. नियमांवरून खेळ कळतो, यादीवरून अभिमान कळतो. परंतु परक्या राज्यकर्त्यांनी आणलेला, पाच दिवस चालून अनिर्णित राहू शकणारा हा खेळ येथील लोकांना आपला का वाटू लागला, हे या दोहोंपैकी कशानेच कळत नाही.

या प्रश्नास सिद्धान्ताच्या पातळीवर उत्तर देण्याचा विशेष उल्लेखनीय प्रयत्न मानवशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी केला आहे. भारतीय क्रिकेटच्या निर्वसाहतीकरणावरील त्यांचा निबंध १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला व पुढील वर्षी त्यांच्या आधुनिकताविषयक ग्रंथात समाविष्ट झाला. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा : सांस्कृतिक रूपे ‘कठीण’ आणि ‘मृदू’ अशा दोन प्रकारची असतात. कठीण रूपात मूल्य, अर्थ आणि प्रत्यक्ष आचार यांची गाठ इतकी पक्की असते की ते सहजी बदलत नाही. उलट ते स्वीकारणाऱ्यालाच बदलते. क्रिकेट हे व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडच्या नीतिकल्पनांनी बांधलेले कठीण रूप असूनही भारतात त्याचे पूर्णपणे देशीकरण झाले. या घडामोडीच्या कारणांत त्यांनी देशी भाषांतील धावते वर्णन व क्रीडाविषयक वाङ्मय यांना महत्त्वाचे स्थान दिले आहे, आणि त्यासाठी मराठी पुस्तके व नियतकालिके यांचा दाखला घेतला आहे. मातृभाषेत खेळ ऐकणे, वाचणे आणि तो अंगाने खेळणे यांचा परस्परांशी दुवा जुळतो व त्यातून खेळावर स्वामित्व येते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनात तथ्य आहे. तथापि ‘देशी भाषा’ हा त्यात एकजिनसी पदार्थ म्हणून येतो. मराठीची क्रिकेटविषयक परिभाषा जवळून तपासली असता तीत निदान तीन थर आढळतात आणि या तिन्ही थरांची साक्ष एकसारखी नाही. म्हणून त्या मताची परीक्षा शब्दांच्या पुराव्यावर करणे अगत्याचे ठरते.

पहिला थर मराठीत पूर्वीपासून असलेल्या व क्रिकेटने अर्थ बदलून घेतलेल्या शब्दांचा. ‘गोलंदाज’ हा मूळचा तोफखान्यावरील माणूस. ‘अंदाज’ हे फारसी उत्तरपद फेकणे, सोडणे या अर्थाचे; तीर सोडणारा तिरंदाज, गोळा सोडणारा गोलंदाज. चेंडू टाकणाऱ्यास ते नाव देणे युक्तच होते. परंतु त्याच धर्तीवर ‘फळी’पासून ‘फलंदाज’ सिद्ध झाला तेव्हा फेकण्याचा अर्थ मागे पडला. कारण फलंदाज फळी फेकीत नाही. येथे ‘अंदाज’ हा केवळ कर्तृवाचक प्रत्यय झाला. हिंदीने याच जागी ‘बाज़’ हे उत्तरपद घेऊन ‘गेंदबाज़’ व ‘बल्लेबाज़’ असे शब्द केले. मराठीने तोफखान्याच्या आठवणीतून वाट काढली, ही गोष्ट त्या भाषेच्या इतिहासाशी सुसंगत आहे.

‘चीत’ची कथा अधिक बोधप्रद आहे. पायचीत, धावचीत, यष्टिचीत, त्रिफळाचीत या सर्व शब्दांतील उत्तरपद कुस्तीच्या आखाड्यातून आलेले आहे; प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीस लावणे म्हणजे त्यास चीत करणे. पाय यष्ट्यांच्या आड आल्याने फलंदाज बाद होतो, त्या प्रकारास हिंदीने ‘पगबाधा’ म्हटले, म्हणजे कारण सांगितले. मराठीने ‘पायचीत’ म्हटले, म्हणजे पराभव सांगितला. त्याचप्रमाणे ‘बळी’ हा विधीतून, ‘बाद’ हा जमाखर्चाच्या वहीतून, तर ‘डाव’ आणि ‘गडी’ हे हुतुतू व आट्यापाट्या यांच्या अंगणातून आले. तीन यष्ट्यांना वैद्याच्या बटव्यातील ‘त्रिफळा’ म्हणण्यात तर उघड विनोद आहे. या थरापुरते पाहिल्यास अप्पादुराई यांचे मत पूर्णपणे सिद्ध होते. नव्हे, खेळाचे देशीकरण त्यांच्या कल्पनेहूनही खोल गेले आहे, असेच म्हणावे लागते.

दुसरा थर बुद्धिपुरस्सर घडविलेल्या शब्दांचा : यष्टी, यष्टिरक्षक, षटक, निर्धाव, क्षेत्ररक्षण. वृत्तपत्रांतून आणि बाळ ज. पंडित यांच्यासारख्या वर्णनकारांच्या आकाशवाणीवरील वाणीतून ते रूढ झाले. महाराष्ट्राच्या संघास १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक मिळवून देणारे कर्णधार दि. ब. देवधर हे पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या खेळाभोवती संस्कृतप्रचुर परिभाषा का सहज वाढली, याची थोडी कल्पना येते. परंतु घडविलेल्या शब्दांस एक मर्यादा असते. ‘षटक’ म्हणजे सहांचा समूह. इंग्लंडमध्ये १८८९ पूर्वी एका ओव्हरमध्ये चार चेंडू असत, पुढे १९०० पर्यंत पाच. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ पर्यंत आठ. भारतीय संघ १९४७-४८ मध्ये तेथे गेला तेव्हा मराठीला ‘आठ चेंडूंचे षटक’ असा वदतोव्याघात पत्करण्यावाचून गत्यंतर नव्हते. इंग्रजी शब्द संख्येविषयी मौन पाळतो. मराठी शब्दाने एका काळाच्या नियमास नावातच गोठविले.

याउलट घडलेल्या शब्दाचा अनपेक्षित लाभही दिसतो. क्रिकेटच्या नियमांतील पुरुषवाचक इंग्रजी शब्द काढून त्या जागी ‘बॅटर’ हा शब्द २०२१ मध्ये अधिकृतपणे घातला गेला. मराठीतील ‘फलंदाज’ व ‘गोलंदाज’ यांना असा बदल करावा लागला नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या विजयाच्या वर्णनास जुनीच परिभाषा पुरेशी ठरली.

तिसरा थर जसेच्या तसे उचललेल्या इंग्रजी शब्दांचा, आणि अप्पादुराई यांच्या मतास खरी अडचण येथे येते. स्लिप, गली, पॉइंट, कव्हर, मिड-ऑन ही क्षेत्ररक्षकांच्या जागांची नावे मराठीने भाषांतरिली नाहीत. याचे कारण भाषिक आळस नव्हे. ही नावे परस्परसापेक्ष आहेत. फलंदाज उजवा की डावा यावरून मैदानाची ‘ऑफ’ व ‘ऑन’ ही अंगे पालटतात आणि त्यांबरोबर सर्व जागा पालटतात. अशा बंदिस्त व्यवस्थेतील एकच शब्द सुटा करून भाषांतरिता येत नाही. व्यवस्था घ्यावयाची तर सगळी घ्यावी लागते. खेळाचे नियमही असेच आहेत. १७८७ मध्ये स्थापन झालेला लंडनचा मेरिलबोन क्रिकेट क्लब आजही त्यांचा रक्षक आहे. तेव्हा क्रिकेटमधील ‘कठीण’ भाग कोठे आहे, याचे उत्तर शब्दांच्या आधारे देता येते : क्रियांची नावे मृदू ठरली, रचनेची नावे कठीण राहिली. एकाच खेळास सरसकट कठीण म्हणून मग त्याच्या मृदू होण्याचे आश्चर्य करण्यापेक्षा हा भेद अधिक उपयुक्त आहे.

शिवाय बोली व लेखन यांचे नाते येथे अपेक्षेच्या उलट आहे. वृत्तपत्रात ‘दोन षटकांत तीन बळी’ असे छापले जाते. मैदानावरील मुलगा ‘दोन ओव्हरीत तीन विकेटी’ असे म्हणतो. तो ‘फलंदाजी’ म्हणत नाही. ‘बॅटिंग माझी’ म्हणतो. म्हणजे लिखित भाषा देशी आणि बोली परकी, असा आभास होतो. परंतु व्याकरणाकडे पाहिले की तो मावळतो. ‘विकेट’चे अनेकवचन ‘विकेटी’, ‘ओव्हर’चे ‘ओव्हरी’. ‘बॅट’ स्त्रीलिंगी होऊन ‘बॅटीने’ असे सामान्यरूप घेते. लिंग, वचन आणि विभक्ती यांच्या चाकोरीतून गेलेला शब्द उसना राहत नाही. पंडितांनी शब्द बदलला आणि पोरांनी त्याचे व्याकरण बदलले. देशीकरणाचा अधिक बळकट पुरावा दुसऱ्या गोष्टीत आहे. अप्पादुराई यांचा भर माध्यमांवर आणि मुद्रित वाङ्मयावर असल्याने हा पुरावा त्यांच्या चौकटीत पुरेसा बसत नाही.

नीतिमूल्यांच्या बाबतीत मात्र शब्दांची साक्ष पुन्हा त्यांच्या बाजूने पडते. इंग्रजीत अन्यायाच्या वर्तनास ‘हे क्रिकेट नव्हे’ या अर्थाचा वाक्प्रचार आहे. ‘सभ्य गृहस्थांचा खेळ’ हा शब्दप्रयोग मराठी लेखनात आला खरा. पण मुलांच्या भांडणात त्यास थारा मिळाला नाही. तेथे जो खोटेपणा करतो तो ‘रडी खातो’, त्याचा डाव ‘रडीचा डाव’. संघात घेतलेल्या अगदी लहानग्यास ‘कच्चा लिंबू’ म्हणून सवलत मिळते. ही नीती इंग्लंडहून आलेली नाही; ती अंगणात आधीच होती, क्रिकेटने तिचा आश्रय घेतला.

येथपर्यंत देशीकरणाचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. परंतु ‘आपला खेळ’ या शब्दप्रयोगातील ‘आपला’ कोणाचा, हा प्रश्न परिभाषेने सुटत नाही. उलट काही वेळा ती त्यावर पांघरूण घालते. मुंबईच्या पारशांनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापिला, १८८६ व १८८८ मध्ये इंग्लंडचे दौरे केले. युरोपीय आणि पारशी यांच्या सामन्यांत १९०७ मध्ये हिंदू, १९१२ मध्ये मुसलमान आणि १९३७ मध्ये ‘इतर’ संघ दाखल झाला. ही स्पर्धा १९४६ मध्ये संपुष्टात येईपर्यंत मुंबईचा प्रेक्षक धर्मवार वाटलेल्या संघांसाठीच टाळ्या वाजवीत होता. हिंदू संघातील सर्वश्रेष्ठ गोलंदाज पालवणकर बाळू हे अस्पृश्य मानलेल्या चांभार जातीतील. पुण्यात युरोपीयांच्या क्लबात ते खेळपट्टीची निगा राखीत व सरावासाठी इंग्रज सभासदांना चेंडू टाकीत. हिंदू संघास त्यांची गोलंदाजी हवी होती. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वजण घेत. मात्र चहाच्या वेळी त्यांना पेला वेगळा असे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी मिळविले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे रीतसर कधी आले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले.

मराठीत ‘गडी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : खेळातील भिडू आणि घरचा चाकर. बाळूंच्या वाट्यास हे दोन्ही अर्थ एकाच वेळी आले. भाषेने दोन्ही अर्थ एका शब्दात सुखाने नांदविले. समाजाने मात्र दुपारी एक अर्थ आणि चहाच्या वेळी दुसरा अर्थ लागू केला. शब्द देशी झाला म्हणून खेळ सर्वांचा झाला, असे अनुमान काढणे म्हणूनच धोक्याचे आहे. परकेपणा जाणे आणि समता येणे या दोन स्वतंत्र घटना आहेत. अप्पादुराई यांच्या विवेचनात राजेरजवाडे, राष्ट्र, माध्यमे आणि बाजार यांना मिळालेले वजन पाहता पहिल्या घटनेचे स्पष्टीकरण भरघोस मिळते. दुसरीसाठी वेगळ्या प्रकारच्या इतिहासाची जोड घ्यावी लागते.

यावरून अपरिचित जिज्ञासूस द्यावयाचे उत्तर काहीसे निश्चित होते. राष्ट्राच्या संस्कृतीत खेळाचे स्थान तपासण्याच्या कसोट्या तीन. लोकभाषेने त्या खेळाचे व्याकरण पचविले काय? मराठीपुरते उत्तर होकारार्थी आहे. खेळाने लोकभाषेस काही परत दिले काय? पंचाहत्तरीच्या सत्कारास ‘नाबाद ७५’ म्हणणारा, पेचात टाकणाऱ्या प्रश्नास ‘गुगली’ म्हणणारा आणि पुढाऱ्याच्या भाषणात ‘फटकेबाजी’ पाहणारा समाज याचेही उत्तर होकारार्थीच देतो. आणि तिसरी कसोटी : त्या भाषेतील प्रत्येक ‘गडी’ मैदानाबाहेरही गडी, म्हणजे बरोबरीचा भिडू, मानला गेला काय? या प्रश्नाचे उत्तर कोशात नाही.

या विषयातील पुढील संशोधनाची दिशाही यातून सूचित होते. वृत्तपत्रीय परिभाषा ग्रंथालयात जपून राहील. मैदाने, चाळी आणि गावकुसाबाहेरची माळराने येथील मुलांची भाषा मात्र छापली जात नाही, आणि पिढीगणिक बदलते. तिचे संकलन करताना शब्दाबरोबर तो बोलणाऱ्याचे गाव व वस्ती यांचीही नोंद व्हावयास हवी. या खेळाच्या देशीकरणाविषयीचा कोणताही सिद्धान्त त्या नोंदींवर घासून पाहिल्याशिवाय पूर्णतः ग्राह्य मानता येणार नाही.