हक्क, सुगम्यता आणि मुक्त ज्ञान : 'सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी'च्या कार्याचे मूल्यमापन

प्रास्ताविक

संगणक आणि आंतरजालाच्या प्रसारामुळे ज्ञान सर्वांसाठी खुले झाले, हे विधान आज आपल्या चर्चासत्रांतून गृहीतकासारखे मांडले जाते. प्रस्तुत लेखिकेचाही काही काळ तसाच समज होता. काही वर्षांपूर्वी पदवीच्या द्वितीय वर्षाच्या मराठीच्या वर्गात एक पूर्णतः अंध विद्यार्थी होता. इतरांना दिलेली टिपणांची पीडीएफ फाईल त्यालाही पाठविली होती. आठवड्याने तो म्हणाला, "मॅडम, फाईल उघडते, पण बोलत नाही." ती फाईल म्हणजे छापील पानांची छायाचित्रे होती. संगणकावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या स्क्रीन रीडरला त्या पानांवर एकही अक्षर सापडत नव्हते. मग लेखिकेने स्वतः टंकलिखित केलेली दुसरी फाईल दिली. ती बोलली, पण मराठी बोलली नाही. कारण ती कृतिदेव या टंकात होती. या टंकात 'मराठी' हा शब्द पडद्यावर मराठीच दिसतो, परंतु संगणकाच्या लेखी तो ई, जे, के, बी, एच या रोमन अक्षरांची जुळणी असतो. डोळ्यांना दिसते ते देवनागरी आणि यंत्राला कळते ती निरर्थक अक्षरमाला, असा हा प्रकार आहे.

या अनुभवातून जो प्रश्न उभा राहिला, त्याच्या प्रकाशात बंगळुरू येथील 'सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी' या ना-नफा संस्थेच्या कार्याची समीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. डिजिटल हक्क, अपंग व्यक्तींसाठी सुगम्यता आणि मुक्त ज्ञान या तीनही क्षेत्रांत सातत्याने काम केलेल्या भारतातील मोजक्या संस्थांत तिची गणना होते. ही तीन क्षेत्रे परस्परांपासून वेगळी काढली तर प्रत्येक अपुरे ठरते, ही या लेखाची मुख्य मांडणी आहे.

डिजिटल हक्क : शासनाची मुक्तता, नागरिकाची गोपनीयता

संस्थेची स्थापना 2008 मध्ये झाली. कायदा आणि सार्वजनिक धोरण यांचा अभ्यास हे तिच्या कार्याचे प्रारंभापासूनचे बलस्थान राहिले. 2011 मध्ये मध्यस्थ संकेतस्थळांसाठी केंद्र शासनाने नियम केले. या नियमांचा प्रत्यक्ष परिणाम तपासण्यासाठी संस्थेतर्फे एक प्रयोग करण्यात आला. सात मध्यस्थ सेवांना मुद्दाम सदोष अशा तक्रारी पाठविण्यात आल्या. त्यांपैकी सहा सेवांनी आवश्यकतेपेक्षा अधिक मजकूर काढून टाकला. नमुना लहान होता, त्यामुळे त्यावरून सर्व सेवांविषयी अनुमान काढता येणार नाही. तथापि दंडाच्या भीतीने खासगी कंपनीच अभिव्यक्तीची परीक्षक कशी होते, ही प्रक्रिया त्यातून उघड झाली.

हा प्रश्न महाराष्ट्राला अपरिचित नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ देशभर चर्चेत आले. संस्थेच्या अभ्यासकांनी या कलमावर सातत्याने टीका केली होती. 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले.

मे 2017 मध्ये संस्थेने आधारविषयक अहवाल प्रसिद्ध केला. चार शासकीय संकेतस्थळांवरून सुमारे 13 ते 13.5 कोटी आधार क्रमांक उघडे पडले असावेत, असा त्यातील अंदाज होता. शासकीय माहिती जनतेसाठी खुली व्हावी असा आग्रह धरणारी संस्थाच येथे माहिती उघड केल्याबद्दल आक्षेप घेते, हा वरकरणी विरोधाभास वाटेल. वस्तुतः तो विरोधाभास नव्हे. शासनाचा कारभार पारदर्शक असावा आणि व्यक्तीचे जीवन सुरक्षित असावे, हा विवेक त्यामागे आहे. 'मुक्त' या शब्दाला कोणासाठी आणि कशासाठी हे प्रश्न जोडल्याशिवाय अर्थ प्राप्त होत नाही, हे या अहवालाचे वैचारिक मोल होय.

सुगम्यता : कायद्याने उघडलेले कुलूप

भारतीय प्रताधिकार कायद्यात 2012 पर्यंत अंध वाचकासाठी पुरेशी तरतूद नव्हती. बाजारातून विकत घेतलेले पुस्तक ब्रेल, ध्वनी किंवा डिजिटल मजकुराच्या स्वरूपात आणण्यासाठी हक्कधारकाची अनुमती आवश्यक होती. ज्या वाचकाला पुस्तक वाचण्यासाठीच रूपांतर करावे लागते, त्याला वाचनासाठीही परवानगी मागावी लागे. याविरुद्ध 'वाचनाचा हक्क' या मागणीसाठी उभ्या राहिलेल्या मोहिमेत डेझी फोरम ऑफ इंडिया, इन्क्लुझिव्ह प्लॅनेट आणि प्रस्तुत संस्था सहभागी होत्या.

2012 च्या दुरुस्तीने कलम 52 मध्ये अपवाद समाविष्ट झाला. अपंग व्यक्तींच्या वापरासाठी सुगम प्रत तयार करणे आता प्रताधिकाराचा भंग मानले जात नाही. ही तरतूद दृष्टिबाधितांपुरती मर्यादित नसून ती सर्व अपंग व्यक्तींना लागू आहे. पुढे 27 जून 2013 रोजी मराकेश करार संमत झाला. त्याला अनुसमर्थन देणारे भारत हे पहिले राष्ट्र ठरले. ते अनुसमर्थन जून 2014 मध्ये देण्यात आले आणि करार 30 सप्टेंबर 2016 पासून अमलात आला. या यशाचे श्रेय एका संस्थेचे नाही; अंध व्यक्तींच्या संघटनांचा दीर्घ लढा त्यामागे आहे. परंतु त्या लढ्याला कायद्याची भाषा पुरविण्याचे कार्य या संस्थेने केले, असे निश्चितपणे म्हणता येते.

मात्र येथे अध्यापकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी किमान 5 टक्के जागा राखीव आहेत. त्याच अधिनियमात पुस्तके व अध्ययन साहित्य विनामूल्य देण्याची तरतूद वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत आहे. म्हणजे विद्यार्थी महाविद्यालयात येतो त्याच सुमारास ही हमी संपते. जागा मिळते, पुस्तकाचे काय, हा प्रश्न आपल्या दारात येऊन थांबतो.

मुक्त ज्ञान : परवाना आणि मजकूर

मुक्त ज्ञानाच्या क्षेत्रात संस्थेचा 'ॲक्सेस टू नॉलेज' हा कार्यक्रम विकिमीडिया फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने 2012 पासून भारतीय भाषांतील विकिपीडियासाठी राबविण्यात आला. मराठी विकिपीडियाचा आरंभ 1 मे 2003 रोजीच झाला होता आणि स्वयंसेवी संपादकांनी तो वाढविला होता. संस्थेची भूमिका त्यानंतरची, म्हणजे प्रशिक्षण, कार्यशाळा आणि संस्थांशी समन्वय यांची आहे.

या कार्यक्रमातील सर्वाधिक बोलके उदाहरण गोव्यातील आहे. गोवा विद्यापीठाने चार खंडांचा कोंकणी विश्वकोश 2013 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिला. त्यासाठी संस्थेने विद्यापीठाशी सहकार्य केले होते. सार्वजनिक निधीतून निर्माण झालेला कोश जनतेला पुन्हा वापरता यावा, हा निर्णय आपल्या विद्यापीठांनी अभ्यासावा असाच आहे. कोंकणी विकिपीडिया 2015 मध्ये स्वतंत्रपणे सुरू झाला, त्याला या मुक्त मजकुराची पार्श्वभूमी लाभली.

तथापि परवाना मुक्त झाला म्हणजे मजकूर मुक्त झाला असे नव्हे. एखादे पुस्तक केवळ पानांच्या छायाचित्रांच्या रूपात मांडले, तर डोळस वाचकासाठी ते मुक्त ठरते आणि अंध वाचकासाठी ते पूर्वीइतकेच बंद राहते. या दृष्टीने विकिस्रोत प्रकल्पाचे महत्त्व विकिपीडियाहून कमी नाही. तेथे छायाचित्रातील मजकूर यंत्राकडून ओळखून घेतला जातो, स्वयंसेवक त्याचे मुद्रितशोधन करतात आणि शेवटी युनिकोडमधील शुद्ध मजकूर हाती येतो. तो शोधता येतो, उद्धृत करता येतो आणि स्क्रीन रीडरला वाचताही येतो. मुद्रितशोधन हे आपल्याकडे दुय्यम मानले गेलेले काम येथे सुगम्यतेचे साधन बनते.

तीन प्रवाहांचा संगम

संस्थेच्या ज्या कार्याची चर्चा सर्वांत कमी झाली, तेच प्रस्तुत लेखिकेला सर्वाधिक मोलाचे वाटते. एनव्हीडीए हा विनामूल्य व मुक्तस्रोत स्क्रीन रीडर मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या ऑस्ट्रेलियन तंत्रज्ञाने 2006 मध्ये सुरू केला. ई-स्पीक ही मजकुराचे उच्चारात रूपांतर करणारी मुक्त प्रणाली त्याच्यासोबत वापरली जाते. भारतीय भाषांसाठी या दोन्ही साधनांचा विकास व प्रसार करण्याचा प्रकल्प संस्थेने डेझी फोरमसमवेत हाती घेतला होता.

या एका कार्यात तीनही प्रवाह एकत्र येतात. साधन मुक्त असल्यामुळे कोणत्याही भाषेचे अभ्यासक त्यात सुधारणा करू शकतात. विनामूल्य असल्यामुळे ग्रामीण विद्यार्थ्याला महागड्या परदेशी आज्ञावलीची वाट पाहावी लागत नाही आणि मराठी बोलत असल्यामुळे वाचनाचा कायदेशीर हक्क प्रत्यक्ष वाचनात उतरतो. ई-स्पीकचा आवाज यांत्रिक आहे, जोडाक्षरांवर तो अडखळतो. परंतु आमच्या विद्यार्थ्याने युनिकोडमधील टिपणे त्याच आवाजात ऐकून परीक्षेची तयारी केली, हे त्या आवाजाचे मूल्य ठरविण्यास पुरेसे आहे.

मर्यादा

संस्थेच्या कार्याची पहिली मर्यादा भाषेची आहे. तिचे कायदाविषयक विवेचन मुख्यतः इंग्रजीत आहे. कलम 52 मधील अपवाद ज्याच्यासाठी आहे, त्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यापर्यंत व त्याच्या ग्रंथपालापर्यंत तो त्या विवेचनातून पोहोचणे कठीण आहे. दुसरी मर्यादा विभागणीची आहे. भारतीय भाषांतील तिचे काम प्रामुख्याने विकिमीडिया प्रकल्पांभोवती राहिले आणि सुगम्यतेचे काम धोरणाभोवती. या दोन विभागांत जितकी देवाणघेवाण व्हावयास हवी होती, तितकी झालेली दिसत नाही. तिसरी मर्यादा मोजमापाची आहे. लेखांची आणि कार्यशाळांची संख्या मोजणे सोपे असते. त्यातील किती मजकूर स्क्रीन रीडरच्या साहाय्याने वाचला गेला, हे मोजणे अवघड असले तरी अधिक अर्थपूर्ण आहे.

अर्थात यातील पहिल्या मर्यादेची जबाबदारी केवळ संस्थेवर टाकणे अन्यायाचे होईल. कायद्याचे मराठी विवेचन करणे हे बंगळुरूच्या संस्थेपेक्षा महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे कर्तव्य आहे.

समारोप

8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रातुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ मार्गदर्शक न राहता बंधनकारक असावेत, अशी भूमिका घेतली. 30 एप्रिल 2025 च्या प्रज्ञा प्रसून खटल्यातील निर्णयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क जीवनाच्या हक्काशी जोडला. कायद्याची दिशा स्पष्ट आहे.

प्रश्न उरतो तो आपल्या आचरणाचा. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आनंद आपण साजरा केला. परंतु आपल्यापैकी अनेक जण आजही शोधनिबंध जुन्या टंकांत पाठवितात, अनेक ग्रंथालयांतील 'डिजिटल संग्रह' हा छायाचित्रांचा संग्रह असतो आणि प्रश्नपेढ्या वाकड्या कोनातून काढलेल्या भ्रमणध्वनीच्या चित्रांतून फिरतात. टिपणे युनिकोडमध्ये लिहिणे, छायाचित्राऐवजी मजकूर देणे, स्वतःच्या लेखनाला मुक्त परवाना देणे आणि विद्यार्थ्यांना विकिस्रोतावरील मुद्रितशोधनाची सवय लावणे या चार गोष्टींसाठी शासकीय अनुदानाची आवश्यकता नाही.

'सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी'च्या कार्याने कायद्याचे कुलूप काढण्यास हातभार लावला. दाराआड विद्यार्थ्याला वाचता येईल असा मजकूर ठेवण्याचे काम मात्र अध्यापकांचे आहे. "फाईल उघडते, पण बोलत नाही" या तक्रारीला कोणतेही न्यायालय आपल्या वतीने उत्तर देणार नाही.